भागीला कोणत्या पट्टीवर बसवावे

कॉलेजात मानसशास्त्राच्या तासाला आमचे प्रोफेसर एकदा म्हणाले, की ज्या मुलांची बुद्धी शाबूत असते पण मन कुठेतरी अडकून बसलेले असते, त्यांच्यासाठी विलायतेत वेगळे वर्ग असतात. अशा मुलाला कुठे बसवायचे ते आधी ठरवतात, काय शिकवायचे ते मागाहून. बाकांवरची मुले हे टिपून घेत होती. मी घेतले नाही. मला भागी आठवली, आणि तास संपेपर्यंत दुसरे काही ऐकू आले नाही.

या अंकाच्या संपादकांनी नोकरीतले अनुभव मागितले तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो होतो. माझी नोकरी दोन वर्षांची. तीस-तीस वर्षे शिकवलेल्या माणसांच्या ओळीत मी कशाला बसावे? शिवाय आमच्या घरात माझ्या आधी कुणी शाळेत गेलेले नाही, त्यामुळे काही लिहायला घेतले की कुणीतरी मागून पाहते आहे असे अजूनही वाटत राहते. तरी भागीविषयी लिहिले पाहिजे. नावे तेवढी बदलली आहेत.

मी कारंज्याकडचा. मॅट्रिक झालो आणि पुढे शिकण्याची ऐपत नव्हती, म्हणून वाशीमपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात असिस्टंट मास्तर झालो. शाळा म्हणजे एक लांब खोली, तिच्यात मधोमध एक कुडाची आडभिंत, आणि बाहेर निंबाचे झाड. बाके नव्हती. तरटाच्या लांब पट्ट्या अंथरायच्या आणि एका इयत्तेने एका पट्टीवर बसायचे. अगदी लहान मुलांची बिगरी, मग पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. मूल कोणत्या पट्टीवर बसते यावरून गावात त्याची किंमत ठरायची. माझ्या आधी मोठे मास्तर एकटेच सगळ्या पट्ट्या सांभाळत. मी आल्यावर त्यांनी आडभिंतीपलीकडे तिसरी-चौथी ठेवली आणि अलीकडच्या तीन पट्ट्या माझ्या हवाली केल्या. ते 'मोठे मास्तर', मी 'लहाने मास्तर'.

बाहेरच्या माणसाला वाटते, मास्तरचे काम म्हणजे शिकवणे. अर्धे काम बसवण्याचे असते. कोण कुणाजवळ बसला की रडतो, कोण दारातोंडी बसला की पळतो, हे ज्याला कळले त्याला शिकवायला वेळ उरतो. माझ्या पहिलीत एक मुलगा हजेरी सुरू झाली की निंबावर चढायचा. आठवडाभर मी त्याला खाली उतरवण्यात घालवला. मग एके दिवशी हजेरीत त्याचे नाव तसेच पुकारले, तर वरून आवाज आला, "हजर." तेव्हापासून त्याची हजेरी झाडावर आणि अभ्यास पट्टीवर असे ठरले. हजेरी संपली की तो आपसूक उतरायचा. मोठ्या मास्तरांना मी हे सांगितले नाही. या एका गोष्टीचा मला अजून थोडा अभिमान वाटतो.

भागीचे मात्र असे काही सुचेना.

ती नऊ वर्षांची होती आणि बिगरीत बसत होती. शेजारी पाच-पाच वर्षांची पोरे. ती तिला 'बिगरीची आजी' म्हणत. गावाबाहेरच्या मळ्यात भाजीपाला करणाऱ्या तुळशीराम माळ्याची ही मुलगी. रोज वेळेवर यायची, पाटी पुसून मांडीवर ठेवायची आणि तोंड मिटून बसायची. हजेरीलाही बोलत नसे, नुसती मान हलवायची. मोठे मास्तर म्हणाले, "मुलगी हट्टी आहे. दोन वर्षांपूर्वी दुसरीच्या पट्टीवर होती, चांगली चालत होती. मग वाचाच बसली. विचारलं की स्वतःचं मनगट चावते. तिच्या बापाने भगताकडून गंडा बांधला, तोही उपाय झाला. मी बिगरीत बसवून टाकली. तुम्ही हात लावू नका."

मी हात लावला. मला वाटले, हिला मार खाण्याची भीती असणार.

इथे आमच्या शाळांची एक रीत सांगितली पाहिजे. ती सगळीकडे होती, अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. प्रश्न पट्टीच्या वरच्या टोकाला सुरू व्हायचा. पहिल्याला आले नाही तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. ज्याला उत्तर आले त्याने उठायचे, न आलेल्या प्रत्येकाचे नाक डाव्या हाताने धरायचे, उजव्या हाताने गालावर चापट द्यायची आणि सर्वांच्या वर जाऊन बसायचे. यात मास्तरांचा हात दुखत नसे, आणि मुलांना चुरस लागते असे म्हणत. मी स्वतः या रीतीनेच वर चढलो. आमच्या गावच्या शाळेत चार वर्षे माझा पहिला नंबर होता, म्हणजे चार वर्षे मी बरोबरीच्या मुलांची नाके धरून चापटा दिल्या. त्यांतली बहुतेक मुले आज शेतात आहेत. त्या वेळी मला त्याचे काही वाटले नव्हते. उलट घरी सांगायचो आज किती जणांना दिल्या ते, आणि वडील खूष व्हायचे.

तर मी माझ्या तिन्ही पट्ट्यांना बजावून सांगितले, की भागीला कुणीही चापट द्यायची नाही, तिला उत्तर आले नाही तरी. मग तिला दुसरीच्या पट्टीवर शेवटी बसवले आणि अगदी सोपा प्रश्न विचारला. सगळी पट्टी वळून तिच्याकडे पाहू लागली. तिने उजवे मनगट तोंडात धरले ते रक्त येईपर्यंत सोडले नाही. मी तिचा हात सोडवायला गेलो तर ती माझ्या अंगावर पाटी टाकून पळाली.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मळ्यात गेलो. तुळशीरामबुवा मेथीच्या जुड्या बांधत होते. मी घडले ते सांगितले आणि माफी मागितली. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, पोट्टी घरी बम बोलते. तुमच्या शायेतच तिची वाचा जाते. आता तुमीच सांगा, आजार घरी हाय का शायेत?"

मी विहिरीकडे गेलो. तिथे भागीचा थोरला भाऊ संपत मोट हाकत होता. चौदा वर्षांचा, अंगाने बापाएवढा झालेला. दोन वर्षांपूर्वी तोही शाळेत होता. बैलांना विसावा द्यायला तो थांबला तेव्हा मी त्याला विचारले, शाळेत भागीला काय झाले होते?

तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवू लागला. मग त्याने जे सांगितले ते असे. तो अभ्यासात मंद. मागे पडत पडत धाकट्या बहिणीच्याच पट्टीवर येऊन बसला होता. एकदा मोठ्या मास्तरांनी तेरा सत्ते विचारले. संपतला आले नाही, भागीला आले. मास्तरांनी तिला रीतीप्रमाणे भावाच्या गालावर चापट द्यायला सांगितली. तिने हळूच दिली. "मास्तर म्हने, हे काय मारनं झालं? गाल पुसून राह्यली का तू? पुन्हा मार. तीन डाव मारायले लावलं. सारे पोट्टे हासून राह्यले होते." दुसऱ्या दिवसापासून संपतने शाळा सोडली. घरी कारण सांगितले नाही, आणि त्या दिवसापासून तो बहिणीशी बोलत नव्हता. ती शिदोरी घेऊन मळ्यात आली की हा पाठ फिरवून बसायचा.

मी विचारले, "तिचा राग येतो का अजून?"

"राग नाई," तो म्हणाला. "लाज वाटते मले. तिच्या तोंडाकडं पाह्यलं का तो दिस आठवते."

तिला एकदा हे सांग, असे मी म्हणालो. बोलून काय होते, असे म्हणून त्याने बैल पुन्हा मोटेला लावले.

परत येताना मला माझी चूक कळली. मी भागीला मार खाण्यापासून सोडवले होते. तिला भीती मारण्याची होती. उत्तर आले की मारावे लागते, म्हणून तिने उत्तरे देणेच बंद केले होते. आणि ही रीत माझ्याही पट्ट्यांवर रोज चालू होती. तिच्यासमोर मी कितीदा तरी "दे रे एक" असे हसत म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या तिन्ही पट्ट्यांवरची रीत बंद केली. ज्याला उत्तर येईल त्याने न आलेल्याजवळ बसून ते उत्तर तीनदा म्हणवून घ्यायचे, एवढेच. मुलांना हे फार बेचव वाटले. पहिल्या नंबरचा मुलगा तर रुसलाच. मोठे मास्तर आडभिंतीवरून म्हणाले, "लहाने मास्तर, शाळा आहे ही, भजनी मंडळ नव्हे." पण त्यांनी मोडता घातला नाही.

भागीला मी परत बिगरीत बसू दिले. काही विचारले नाही. महिन्याभराने पाहिले तर ती एका लहान पोराचे बोट धरून धुळपाटीवर अक्षर गिरवून घेत होती आणि त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती. मी पाठ फिरवली आणि फळ्यावर उगाच काहीतरी लिहीत राहिलो. पोळा झाल्यावर ती आपणहून पहिलीच्या पट्टीच्या टोकाला सरकली, दिवाळीनंतर दुसरीच्या. मला ती पाटीवर उत्तर लिहून दाखवू लागली. संक्रांतीच्या सुमारास एकदा हजेरी घेताना तिचे नाव पुकारून मी पुढचे पुकारणार, इतक्यात "हजर" असे ऐकू आले. आवाज घोगरा होता. एकाही मुलाने वळून पाहिले नाही. त्यांनाही कळले असावे.

त्यानंतर ती बोलत गेली. फार नाही, पण विचारले तेवढे.

फाल्गुनात डिप्टीसाहेबांची तपासणी ठरली. एकाच इयत्तेत वर्षानुवर्षे बसलेली मुले साहेबांच्या डोळ्यांवर यायची, म्हणून तपासणीआधी अशी नावे कमी करण्याचा प्रघात होता. मोठ्या मास्तरांनी कमी करायच्या नावांत भागीचे नाव घेतले. मी म्हणालो, ती दुसरीच्या परीक्षेला बसेल. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "साहेबांपुढं बोलली तर तिसरीत घालू. नाही बोलली तर नाव कमी, आणि तिच्या बापाला तुम्हीच जाऊन सांगायचं." नाव कमी झाले की ती कायमची मळ्यात जाणार, आणि दोन-चार वर्षांत सासरी, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते.

डिप्टीसाहेब बैलांच्या दमणीतून आले. मोठे करडे गृहस्थ वाटले होते, तसे नव्हते. लहान मुलांशी बरे बोलले. दुसरीच्या पट्टीला त्यांनी विचारले, "एकोणीस सत्ते?" पहिला अडला, दुसरा अडला, पाच जण अडले. सहावी भागी. ती उभी राहिली आणि म्हणाली, "एकशे तेहतीस."

साहेब खूष झाले. "शाबास. दे बरं या पाचही जणांना एकेक, आणि जा वर."

भागी हलली नाही. तिने माझ्याकडे पाहिले.

मला बोलायला हवे होते. एक वाक्य पुरले असते, की साहेब, माझ्या वर्गात ही रीत मी बंद केली आहे. पण मला कॉलेजात फी माफ व्हावी म्हणून साहेबांचे शिफारसपत्र हवे होते आणि ते त्याच संध्याकाळी मिळायचे होते. मी हातातल्या खडूकडे पाहत राहिलो. पत्र मला मिळाले. त्याच्याच आधारावर मी आज इथे शिकतो आहे.

"म्या कोनाले मारत नाई," भागी म्हणाली. "मले खालीच बसू द्या."

साहेबांना राग आला नाही, नवल वाटले. का, असे त्यांनी विचारले. मोठे मास्तर पुढे होऊन म्हणाले, "जराशी वेडसर आहे साहेब." साहेबांनी माझ्याकडेही पाहिले. मी तेव्हाही काही बोललो नाही. "हुशार आहे," ते म्हणाले, "तिसरीत घाला. पण शिस्त लावा." आणि पुढच्या पट्टीकडे वळले. भागी आपल्या जागी खाली बसली आणि तिने उजवे मनगट दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवले. चावले नाही.

ती पास झाली होती. पास झाली म्हणजे कुठे जाणार, याचा विचार मी वर्षभरात एकदाही केला नव्हता. तिसरीची पट्टी आडभिंतीपलीकडे होती. ज्या मास्तरांपुढे तिची वाचा गेली त्यांच्याच समोर मी तिला, मोठ्या कष्टाने आणि आनंदाने, नेऊन बसवणार होतो. मोठे मास्तर दुष्ट नव्हते. पण त्यांनी मला स्पष्ट सांगितले, "माझ्या पट्टीवर माझी रीत. साहेबांनीही आता शिस्त लावा म्हटलंय." मी विनवले, तिला नापास दाखवा आणि माझ्याकडेच दुसरीत राहू द्या. ते हसले. "आणि जूनमध्ये तुम्ही कॉलेजात गेल्यावर?"

तेही खरे होते.

उरली एकच जागा, वाशीमची मुलींची शाळा. तिथल्या मुख्य बाई मुलींना मारीत नाहीत असे मी ऐकले होते. भागीची मावशी वाशीमला होती. मी पुन्हा मळ्यात गेलो. तुळशीरामबुवांनी ऐकून घेतले, म्हणाले, "मास्तर, पोरीच्या जातीले इतकं शिकून काय करायचं? हजर म्हनायले लागली, झालं की." तेवढ्यात टोपल्यात वांगी भरणारा संपत मान वर न करता बापाला म्हणाला, "बाबा, मंगळवारी माळवं घेऊन गाडी वाशीमले जातेच. मी नेऊन घालतो तिले. शनवारी आनत जाईन." दोन-तीन वर्षांत घरच्यांसमोर बहिणीबद्दल तो प्रथमच काही बोलला असेल. बाप त्याच्याकडे पाहतच राहिला, आणि मग म्हणाला, "ने."

शाळा सोडल्याचा दाखला मीच लिहिला. माझे अक्षर चांगले, म्हणून मोठे मास्तर मला सांगत. कारणाच्या रकान्यात त्यांनी सांगितले तसे 'वडिलांची इच्छा' लिहिले. वर्तनाच्या रकान्यात ते म्हणाले, 'हट्टी' लिहा. मी 'चांगले' लिहिले आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, टाक दौतीत बुडवला आणि सही केली. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

मंगळवारी गाडीत पुढे संपत, मागे भाजीच्या टोपल्यांमध्ये भागी, आणि मी. वाटभर मी मनात वाक्ये जुळवत होतो. मुख्य बाईंना सगळे सांगायचे, माझे गप्प राहणेही सांगायचे, आणि भागीच्या देखत सांगायचे, असे ठरवले होते.

बाईंनी दाखला वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "वडिलांच्या इच्छेनं मुलगी शाळा बदलते, असं मी अजून पाहिलं नाही. खरं काय झालं?"

मी सुरुवात केली. तिथली अध्यापनाची पद्धत, मुलीचा स्वभाव, असे काहीतरी बोलू लागलो. माझे मलाच ते शब्द परके वाटले आणि मी मध्येच अडखळलो. संपत दाराबाहेर टोपी हातात घेऊन उभा होता. तो उंबऱ्याच्या आत आला नाही. तिथूनच म्हणाला,

"बाई, आमच्या शायेत भावाले मारायले लावते. हिनं मले मारलं असं सारे म्हनते. हिनं नाई मारलं. मास्तरनं मारलं मले, हात हिचा होता. तुमच्या इथं मारा लागते का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

भागी भावाकडे पाहत होती. तोही पाहत होता, मान खाली न घालता. ती रडली नाही. मग तिने बाईंना विचारले, "म्या कुठी बसू?" बाईंनी आत बोट दाखवले. ती पाटी घेऊन गेली आणि मुली थोड्या सरकल्या.

बाई माझ्याकडे वळल्या आणि मला अजून काही सांगायचे आहे का असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, नाही, त्याने सांगितले ते बरोबर आहे. मग मी आणि संपत बाजारात गेलो आणि वांग्यांच्या टोपल्या उतरवू लागलो.